सोमरीचा रिपोर्ट छापणारी फाइल

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय. पण खरं सांगायचं तर अंगावर काटा यावा म्हणून नाही. प्रत्येक अनुभव वाचून झाला की याचं साधं कारण काय असेल ते मी मनात शोधत बसतो... वारा, ताप, थकवा, जुनं वायरिंग. बहुतेक वेळा सापडतंही. माझा धंदाच तसा आहे. मी सॉफ्टवेअर लिहितो. प्रोग्राम चुकला तर कारण असतंच, आणि ते सापडत नसेल तर आपण अजून नीट शोधलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. हे मी आजही मानतो. म्हणून तर हे लिहून पाठवतोय. कुणा वाचकाला कारण सापडलं तर मला ते खरोखर हवं आहे.

माझं नाव विलास. मूळ गाव आलापल्ली, जिल्हा गडचिरोली. वडील लाकूड डेपोत मजूर होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. आलापल्लीच्या शाळेतल्या गुरुजींनी आणि चंद्रपूरच्या कॉलेजातल्या माणसांनी हात धरला म्हणून आज पुण्यात नोकरी करतो. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे घडलं त्यात माझी स्वतःची एक चूक आहे, आणि ती मी विसरून चालणार नाही.

आमची छोटी कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करते. रक्त तपासणाऱ्या मशिनकडून आकडे घ्यायचे, त्यांचा अर्थ लावायचा आणि मराठीत रिपोर्ट छापायचा — एवढं काम करणारी एक लायब्ररी मी लिहिली आहे. लायब्ररी म्हणजे तयार भाग. दुसरे प्रोग्राम तो उसना घेतात. ती ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालायला हवी, तिचा विचार करून ती बांधावी लागते. नव्या सिस्टिमसाठी बांधलेली फाइल जुन्या सिस्टिमवर नुसती हळू चालत नाही... ती उघडतच नाही.

एप्रिलमध्ये मला एक फोन आला. एटापल्लीच्या पुढे, बांडिया नदीच्या पलीकडे एका संस्थेचं छोटं आरोग्य केंद्र आहे. (गावाचं नाव मुद्दाम देत नाही.) तिथल्या लॅबच्या सिंधूबाई बोलत होत्या.

"सर, आमच्या कंप्युटरची डिस्क गेली जी. नवी टाकली, पण मशिनवाल्याचा प्रोग्राम गेला तो गेलाच, अन् तो मशिनवालाही आता धंद्यात नाई. तुमची लायब्ररी आमच्या इथी चालन का?"

"कोणती सिस्टिम आहे?"

"ते चालू केल्यावर हिरवी टेकडी येते ना, अन् वर निळं आभाळ... ते."

मी हसलो. "बाई, ती केव्हाच बंद झाली. नवा कंप्युटर घ्या."

"कंप्युटर तं भेटन. पण मशिनचं कार्ड नव्यात बसत नाई."

"मग मशिनही नवं घ्या."

पलीकडून एवढंच आलं, "बरं सर."

त्याच आठवड्यात मी लायब्ररीतून जुन्या सिस्टिमसाठी ठेवलेले जोडकामाचे सगळे भाग काढून टाकले आणि वर लिहिलं — जुन्या सिस्टिम आता चालणार नाहीत. फाइल लहान झाली, स्वच्छ झाली. वरिष्ठांनी शाबासकी दिली. मला फार बरं वाटलं होतं, हे कबूल करतो.

जूनच्या शेवटी त्याच केंद्रातून दुसरा फोन आला. या वेळी डॉक्टर मॅडम होत्या.

"तू आलापल्लीचा ना रे?"

"हो मॅडम."

"मग ऐक. आठव्या महिन्यातली बाई आहे माझ्याकडे. सोमरी नाव. साधी चाचणी केली, सिकलसेल आहे म्हणून निघालं. पण नुसती वाहक आहे, म्हणजे दोष रक्तात असून त्रास नाही, की पूर्ण आजार आहे, ते त्या चाचणीत कळत नाही. मशिन सांगेल. वाहक असेल तर बाळंतपण इथे करता येईल. आजार असेल तर इथे करणं म्हणजे जिवाशी खेळ. रक्त लागेल, आणि इथे रक्तपेढी नाही. पाऊस धरला की पूल पाण्याखाली जातो. गेला की गेलाच."

"नमुना बाहेर पाठवला तर?"

"पाठवलाय. पण तो रिपोर्ट पूल बुडाल्यावर आला तर त्याचं काय करू?"

"तिला आत्ताच गडचिरोलीला का नेत नाही मॅडम?"

"ते तू तिलाच विचार."

मी रजा टाकली. निघायच्या आधी एक शहाणपणाचं काम केलं — जुन्या सिस्टिमसाठी फाइल बांधणारा जुना कंपायलर इंटरनेटवरून उतरवून पेनड्राइव्हवर घेतला. म्हणजे, मला तसं वाटलं. पुणे, चंद्रपूर, आलापल्ली. घरी एक रात्र. सकाळी चुलतभावाच्या मोटरसायकलवर एटापल्ली, आणि तिथून केंद्राची जीप. नदी अजून पुलाच्या हातभर खाली होती.

केंद्र म्हणजे चार खोल्या, पुढे व्हरांडा, छतावर सौर पाट्या. व्हरांड्यात सोमरी पाय लांब करून बसली होती. वय बावीस-तेवीस असेल. डोळे पिवळसर. दोन्ही गुडघ्यांना फडकी बांधलेली. शेजारी तिचा नवरा, चैतू. घरी ते माडिया बोलतात, आमच्याशी मराठीत बोलत होते. मी विचारलं, बाई, गडचिरोलीला काऊन जात नाई?

उत्तर चैतूने दिलं. "मागच्या बारीले गेलो होतो जी. पहिल्या पोराच्या वेळेस. असंच म्हणे, धोका हाय, चला. पंधरा दिवस तिथी व्हरांड्यात झोपलो. मंग म्हणे, काही नाई, घरी जा. आलो तं बांधीतलं धानाचं पऱ्हं वाळून गेलं होतं. वर्षभर मागून खाल्लं."

"पण या वेळी..."

सोमरीने मला मधेच थांबवलं. "मले नुसतं 'असन' म्हणून नोका नेऊ. हाय का नाई, ते कागदावर दाखवा. हाय म्हणलं तं उद्या जातो. नाई म्हणलं तं धानाच्या रोवण्याले जातो."

तिच्या बोलण्यात हट्ट नव्हता. तिने हिशेबच तसा मांडला होता आणि तो मला खोडता येईना.

लॅबमध्ये गेलो. सिंधूबाईंनी कंप्युटर चालू केला. हिरवी टेकडी आली. मी पेनड्राइव्ह माझ्या लॅपटॉपला लावला, कंपायलर उघडला, आणि चूक लक्षात आली. मी आणली होती ती फाइल खरा कंपायलर नव्हतीच. ती नुसती सुरुवातीची छोटी फाइल होती, बाकीचं सगळं सामान ती इंटरनेटवरून मागवते. पुण्यात बसून हे लक्षातच येत नाही, कारण तिथे इंटरनेट नळाच्या पाण्यासारखं असतं. इथे पाण्याच्या टाकीवर चढलं तर मोबाइलची एक काडी दिसायची, ती पण वारा असला की जायची.

"काय झालं सर?"

"बाई, मी वरातीचं नुसतं आमंत्रण घेऊन आलो. नवरदेव पुण्यातच राहिला."

सिंधूबाई हसल्या नाहीत. "मंग आता?"

"आता हाताने करतो."

त्याचा अर्थ सांगतो. माझ्याजवळ फक्त नवा कंपायलर होता. त्याने बांधलेली फाइल जुन्या कंप्युटरवर नेली की ती नव्या सिस्टिममधल्या एखाद्या सोयीला नावाने हाक मारायची, आणि जुनी सिस्टिम म्हणायची, या नावाचं इथे कुणी राहत नाही. पडद्यावर ते नाव यायचं. मग मी लॅपटॉपवर परत यायचो, त्या सोयीचं काम करणारा तुकडा स्वतः लिहायचो, पुन्हा बांधायचो, पुन्हा नेऊन लावायचो. जुनी सिस्टिम पुढचं नाव सांगायची. एप्रिलमध्ये मी जे भाग शाबासकी घेऊन काढून टाकले होते, तेच आता एकेक करून पुन्हा लिहीत होतो.

दोन दिवस असे गेले. सोळा नावं झाली. सिंधूबाई प्रत्येक वेळी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला रेघ मारायच्या. "सर, भुतं उतरवून राह्यले का तुम्ही? एक उतरते, दुसरं चढते."

मराठी अक्षरं नीट छापतात का ते पाहायला एक चाचणीची ओळ लागते. नेहमी मी तिथे 'रुग्णाचे नाव' असं लिहितो. तिथे बसल्या बसल्या मी लिहिलं — सोमरी, पूल बुडायच्या आत. ही ओळ मी तिसऱ्या दिवशी सकाळी लिहिली. ध्यानात ठेवा, कारण पुढे तीच महत्त्वाची आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी सतरावं नाव आलं आणि मी थांबलो. ते माझ्या लायब्ररीतलं नव्हतंच. फाइल उघडताना अगदी सुरुवातीला चालणारा जो भाग नवा कंपायलर स्वतःच घालतो, त्याच्यातलं होतं. म्हणजे घराच्या भिंती मी बदलू शकत होतो, पाया नाही. तिथे मला बदल करता आला नाही. जे जे माहीत होतं ते करून पाहिलं. टाकीवर चढून वरिष्ठांना फोन लावला. तुटक आवाजात ते म्हणाले, "नव्या कंपायलरने ते होणार नाही विलास. परत ये."

खाली उतरलो. मॅडम सांगायला आल्या होत्या की नदी पुलाला लागली आहे, जीपवाला म्हणतो उद्या सकाळपर्यंतच. सोमरी व्हरांड्यातून माझ्याकडे बघत होती.

मी पुन्हा लॅपटॉपसमोर बसलो. बॅटरी संपत आली होती, ढगांमुळे सौर पाट्यांचा करंट फक्त लॅबच्या मशिनला आणि कंप्युटरला ठेवला होता. बदल करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी मी शेवटचा तुकडा पुन्हा तपासला, एक चूक दुरुस्त केली आणि पुन्हा बांधायला लावलं. होणार नाही हे माहीत असून. कशासाठी, ते मला नीट सांगता येणार नाही. उठून तिला 'होत नाही' म्हणायला जाण्यापेक्षा ते सोपं वाटलं असेल.

Enter दाबलं. काही झालं नाही. पुन्हा जोरात दाबलं, तेव्हा सुरू झालं.

माझ्या लॅपटॉपवर या लायब्ररीचा बिल्ड, म्हणजे बांधणी, चार-पाच सेकंदांत होते. ओळी इतक्या भराभर जातात की वाचता येत नाहीत. त्या दिवशी त्या एकेक करून येऊ लागल्या. एक ओळ... थांबा. दुसरी... थांबा. प्रत्येक ओळ वाचता येत होती. सिंधूबाईंनी चहा आणून दिला, मी तो प्यालो, बाहेर जाऊन कप विसळून आलो, तरी चालूच. मला कॉलेजातले दिवस आठवले, तिथे माझ्या वाट्याला आलेलं मशिन असंच करायचं. मी म्हटलं, बॅटरी कमी आहे म्हणून लॅपटॉप हळू झाला असेल. तसं होतं. इतकं नाही, पण होतं.

शेवटची ओळ आली. फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि लॅपटॉप बंद पडला. दुपारचे साडेतीन वाजले होते.

जुन्या कंप्युटरवर फाइल लावली. अठरावं नाव येईल म्हणून सिंधूबाई पेन्सिल घेऊन कॅलेंडरपाशी उभ्या होत्या. नाव आलं नाही. प्रोग्राम उघडला. मशिनचा दिवा हिरवा झाला.

"सर... चाललं काय?"

"चालायला नको होतं," मी म्हणालो. माझ्या तोंडून हेच निघालं.

"म्हणजे?"

"म्हणजे थांबा. लगेच सोमरीचं रक्त नका लावू. आकडे बरोबर देतं की नाही ते आधी पाहू."

"मंग माझं लावा." त्यांनी बाही वर केली. "मी वाहक हावो. नागपूरचा कागद हाय माझ्यापाशी. हे मशिन काय म्हणते पाहू."

मशिनने त्यांना वाहक म्हटलं. आकडे त्यांच्या जुन्या कागदाशी जुळले. मग मॅडमचं रक्त लावलं. त्यांना काही नाही हे माहीत होतं, तसंच आलं. मग सोमरीचं.

रिपोर्ट छापून आला तेव्हा मॅडमनी तो आधी वाचला आणि मला दिला. पूर्ण आजार. शंकेला जागाच नव्हती.

सोमरीने कागद हातात घेतला. तिला वाचता येत होतं, चौथीपर्यंत शिकलेली. बोट ठेवून तिने स्वतःचं नाव वाचलं, मग निष्कर्षाची ओळ वाचली. चैतूकडे वळून माडियात काहीतरी बोलली. तो उठला आणि सामान बांधायला गेला. एवढंच. रडणं नाही, ओरडणं नाही.

जीप सकाळची वाट न पाहता संध्याकाळीच निघाली. पुलावर तेव्हा घोट्याएवढं पाणी होतं. दुसऱ्या दिवशी पूल दिसत नव्हता आणि पुढे कितीतरी दिवस दिसला नाही. गडचिरोलीच्या मोठ्या दवाखान्यात तिची पुन्हा तपासणी झाली, तोच निष्कर्ष आला. दिवस भरायच्या आधीच ती बाळंत झाली, त्यात तीन पिशव्या रक्त लागलं. मुलगी झाली. दोघी जगल्या. पूल बुडाल्यामुळे मी स्वतः केंद्रातच अडकलो होतो, हे मला टाकीवर चढून फोनवर कळलं.

इथपर्यंत यात अमानवीय काही नाही. नशीब म्हणा.

आता पुढचं. अडकलो होतो तेव्हा मी कारण शोधायला बसलो. लॅपटॉप चार्ज केला, तोच सोर्स, म्हणजे मी लिहिलेला प्रोग्रामचा मजकूर, तोच कंपायलर, पुन्हा बांधला. पाच सेकंदांत झाला. जुन्या कंप्युटरवर नेला — सतरावं नाव, जसंच्या तसं. दहा वेळा केलं. दहाही वेळा तेच. चालत होती ती फक्त त्या दुपारची फाइल.

मग मी ती फाइल आतून उघडली. सामान्य माणसाला माहीत नसतं, पण कंपायलर फाइलच्या पोटात आपली खूण सोडतो. कोणत्या आवृत्तीने बांधली, आणि कोणत्या कंप्युटरवर, कोणत्या फोल्डरमध्ये. ही खूण हाताने लिहावी लागत नाही, ती आपोआप पडते.

आवृत्ती माझ्या कंपायलरची नव्हती. फार जुनी होती, जी त्या हिरव्या टेकडीवर चालायची तीच. आणि फोल्डरचा पत्ता होता — लॅब दोन, पीसी चौदा, आणि त्यापुढे एक परीक्षा क्रमांक.

मी खुर्चीवरून उठलो. तो क्रमांक माझा आहे.

चंद्रपूरच्या कॉलेजात माझे दाखले उशिरा पोचले म्हणून यादीत माझं नाव शेवटी होतं. लॅबमध्ये ज्याला त्याला नवं मशिन मिळालं, मला उरलेलं. चौदा नंबर. कोपऱ्यातलं, जुनं, Enter दोनदा दाबावं लागणारं. इतरांच्या मशिनवर चालणारं माझ्या मशिनवर काही चालायचं नाही. मला दुसरा कंप्युटर नव्हता, म्हणून प्रत्येक गोष्ट त्या मशिनवर चालेल अशी करायला मी शिकलो. लॅबचे शिपाई नामदेवभाऊ माझ्यासाठी तासभर आधी कुलूप उघडायचे, कारण माझं काम इतरांपेक्षा हळू व्हायचं. आज मला जे येतं ते त्यांच्या त्या एका तासात आलं.

टाकीवर चढून मी नामदेवभाऊंना फोन लावला. "भाऊ, ते चौदा नंबरचं मशिन कुठी आहे आता?"

"कोणतं गा? ते डबडं? तू गेल्यावर दोन वर्षांनीच पूर्ण लॅब मोडली. मीच टेम्पोत भरून देली भंगारात. काऊन?"

"काही नाही भाऊ."

"तब्येत बरी हाय ना तुही?"

आता तुम्ही म्हणाल तेच मीही म्हटलं — कॉलेजातली एखादी जुनी फाइल माझ्या लॅपटॉपवर आली असेल, तीच चुकून पेनड्राइव्हवर गेली असेल. पण ही लायब्ररी मी कॉलेज सुटल्यावर चार वर्षांनी लिहायला घेतली. आणि त्या फाइलच्या आत, मी शोधली तेव्हा, ती ओळ स्पष्ट होती — सोमरी, पूल बुडायच्या आत. त्या दिवशी सकाळी मी लिहिलेली. शेवटची चूक मी दुपारी दुरुस्त केली होती, तीही आत दुरुस्त होती. म्हणजे त्या दुपारचा मजकूर, कित्येक वर्षांपूर्वी भंगारात गेलेल्या मशिनवर बांधलेला. पुण्याला आल्यावर वरिष्ठांना दाखवलं. त्यांनी दोन दिवस माझा लॅपटॉप पिंजून काढला. जुना कंपायलर त्यावर कधीच नव्हता. शेवटी ते म्हणाले, "मला माहीत नाही," आणि हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

परतताना आलापल्लीला घरी थांबलो होतो, तेव्हा वडिलांना सांगितलं. त्यांना कंप्युटर कळत नाही, पण त्यांनी तीस वर्षं सागाच्या बुंध्यांवर हातोड्याने छाप मारली आहे. कुठल्या कुपातलं, म्हणजे जंगलाच्या कुठल्या तोडीतलं लाकूड, ते त्या छापेवरून कळतं. मी त्यांना तसंच समजावलं — बाबा, लाकूड आजचं आहे, ताजं. आणि छाप आहे ती कधीच सरकारजमा झालेल्या हातोड्याची.

त्यांनी विचारलं, "लाकूड कसं हाय? पोकळ?"

"नाही. चांगलं आहे."

"तरी मी ते गाडीत नाई भरत. बाजूले काढतो. चांगलं असन, पण कुठून आलं ते मले सांगता येत नाई, तं मी ते पुढे कसं धाडू?"

माझा निर्णय तिथेच झाला. त्या फाइलवर केंद्रात रोज रिपोर्ट निघत होते. एकही चुकला नव्हता. पण माणसांनी कुठे बाळंत व्हायचं आणि कोणतं औषध घ्यायचं हे ज्या कागदावर ठरतं, तो कागद कुणी बांधला ते मला माहीत नसलेल्या फाइलने छापावा, हे मला चालण्यासारखं नव्हतं. पुण्यात मी जुना कंपायलर पूर्ण उतरवला. लायब्ररीत जुन्या कंप्युटरांसाठी वेगळी सोय ठेवली. एप्रिलमधलं ते वाक्य काढून टाकलं. संध्याकाळी घरी बसून चार महिने काम केलं, प्रत्येक भाग जुन्या सिस्टिमवर तपासला, आणि दिवाळीनंतर माझ्या हाताने, माझ्या मशिनवर बांधलेली फाइल घेऊन पुन्हा केंद्रात गेलो. सिंधूबाई कुरकुरल्या. "चालते ते कायले काढता जी?" पण मी काढली. जुनी एका पेनड्राइव्हवर घेतली, ती माझ्याजवळ आहे. ज्याला तपासायची असेल त्याने तपासावी.

मार्चमध्ये पुन्हा गेलो, तेव्हा सोमरी आली होती, मुलीला तपासायला. अंगाने भरली होती, गुडघ्यांची फडकी गेली होती. औषध रोज घेते म्हणाली. मुलीने लॅबमध्ये सगळ्यांच्या वरचा सूर लावला. आईला आजार, आणि बापाचं रक्त तपासलं तेव्हा तो वाहकही निघाला नव्हता, त्यामुळे मुलगी वाहक असणार हे ठरलेलंच होतं, आणि रिपोर्टही तसाच आला. सोमरीने मागच्यासारखंच बोट ठेवून तो वाचला.

मग मला विचारलं, "हे कागद तुम्ही केलं?"

"हो. हे मी केलं. पूर्ण माझं आहे."

"अन् माझंवालं? पूल बुडाचा होता तेव्हाचं?"

डॉक्टर मॅडम, सिंधूबाई दोघी माझ्याकडे बघत होत्या. खोटं बोलणं सोपं होतं.

"ते कोणी केलं मले नाई माहीत, बाई. मी लय शोधलं. नाई सापडलं."

मुलीला कडेवर सरकवत तिने कागदाची घडी घातली आणि ब्लाउजमध्ये ठेवली.

"शोधा मंग," ती म्हणाली. "सापडलं तं मले बी सांगा. त्याले भात खाऊ घालाचा हाय."